सावलीतल्या वाफ्यात कीड परत परत येते? फवारणीआधी हे तपासा

आंब्याखाली, दोन इमारतींच्या मधल्या पट्टीत किंवा जिन्याच्या मागच्या बाजूला लॉन जगत नाही, म्हणून तिथे जमीन झाकणारी झाडं लावली जातात. सिंगोनियम, वेडेलिया, रिओ, स्पायडर प्लांट, मोंडो ग्रास, फर्न, हेमीग्राफिस, कुठे हौसेनं ब्राह्मी. पहिलं वर्ष छान जातं. दुसऱ्या पावसाळ्यात पानांची चाळण होते. माळीकाका औषध मारतात, पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे. असे वाफे बघायला मला बोलावतात तोवर दोन-तीन फवारण्या होऊन गेलेल्या असतात. कीड नेमकी कोणती, हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

सावलीतल्या किडीचं सगळं बळ दडायच्या जागेत असतं. पानांचा जाड गालिचा, खाली वर्षभराचा पाचोळा, रोज संध्याकाळचं पाणी आणि विटांच्या किनारीतल्या फटी, एवढं मिळालं की बाहेरून कितीही औषध मारा, आतलं बिऱ्हाड हलत नाही. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि फवारणी बरीच खाली येते.

आधी लक्षणं

- पानाला मधेच वेडीवाकडी भोकं आणि आसपास पानावर, फरशीवर चकाकणारा सुकलेला चिकट माग: गोगलगाय. शंखी असेल किंवा बिनशंखाची शेंबी.
- भोकं आहेत, माग नाही, पण खालच्या पानांवर काळ्या-हिरव्या बारीक लेंड्या आहेत: अळी.
- कोवळे कोंब रात्रीत जमिनीलगत कापून आडवे पडलेले: कातरकिडा. दिवसा तो त्याच रोपाच्या बुडाशी, मातीत बोटभर खोल, अंगाचं वेटोळं करून पडलेला असतो. खुरप्यानं उकरा, सापडतो.
- पान कडेनं कुरतडलेलं: बहुधा नाकतोडा. सोडून द्या.
- पानं हाताला चिकट लागतात, नंतर त्यावर काजळी धरते: रस शोषणारी कीड. पण कुठे आहे ते दुसऱ्या तपासणीत बघू.
- देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस: पिठ्या ढेकूण.
- पानावर असंख्य फिकट ठिपके, पान धुरकट, आणि हे सगळं बाल्कनीखालच्या कोरड्या पट्टीतच: लाल कोळी.
- पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा: नागअळी. दिसायला वाईट, रोपाला फारसा त्रास नाही. तेवढी पानं खुडा.
- माती ओली असूनही रोपं मलूल, वाफ्यात ठिगळासारखी मोकळी जागा पडत चाललेली: दुखणं मुळाशी.
- वाफ्याजवळ गेलं की चिलटं उडतात: पाणी जास्त होतंय, एवढाच निरोप.

पावसाळ्यात वाफ्यात वाणी (हात लावला की वेटोळं करणारे, असंख्य पायांचे लांबट किडे) खंडीभर दिसतात आणि लोक घाबरून त्यांच्यावर पावडर टाकतात. वाणी मुख्यतः कुजका पाचोळा खातात. त्यांची संख्या जास्त असेल तर पाचोळा जास्त आहे, इतकंच समजायचं. मातीवरच्या बारीक गोळ्यांच्या ढिगाऱ्या गांडुळांच्या असतात. त्याबद्दल तर आनंदच माना.

तपासणी १: रात्री टॉर्च घेऊन जा

अंधार पडल्यावर दोनेक तासांनी, पाऊस पडून गेलेल्या किंवा पाणी दिलेल्या दिवशी, टॉर्च घेऊन वाफ्यापाशी उभं राहायचं. पायात बूट हवेत. पानांत हात घालण्याआधी लांब काठीनं ती हलवायची. दाट गालिच्यात घोणस बसलेली असू शकते, कोकणात फुरसं. हे भीती घालायला सांगत नाही. ज्यानं असे वाफे उपसले आहेत तो काठीशिवाय हात घालत नाही.

ही तपासणी पहिली का? कारण गोगलगाय दिवसा दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून दुकानदार अळीचं औषध देतो. गोगलगाय कीटक नाही, ती शिंपल्यांच्या जातकुळीतली मृदुकाय. अळीवर, मावा-तुडतुड्यांवर मारायची नेहमीची औषधं तिला फारसं काही करत नाहीत. उलट तिला खाणारे किडे मरतात. महिनोन्‌महिने चुकीच्या बाटलीवर पैसे घालण्यापेक्षा एक रात्र वीस मिनिटं उभं राहणं परवडतं.

शेंबी म्हणजे पानाच्या पाठीला चिकटलेला तपकिरी-काळा चपटा, ओलसर जीव. शंखीत सगळ्यात त्रासदायक ती मोठी आफ्रिकन गोगलगाय, शंकूसारखा लांबट शंख आणि त्यावर तपकिरी उभे पट्टे. ती इथली नव्हे. मूळ पूर्व आफ्रिकेची, आणि १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं मॉरिशसहून आणून कोलकात्यातल्या एका बागेत सोडली. आज तिनं देशभर पाय पसरले आहेत. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, ते अनेकांना आठवत असेल. शहरातल्या बागेत ती चालत येत नाही, आपणच आणतो: नर्सरीच्या पिशवीतून, लाल मातीच्या ट्रकमधून, शेणखतातून. नवीन रोप आणलं की पिशवी फाडून तळ बघायची सवय लावा. मातीत साबुदाण्यासारखी पिवळट-पांढरी अंडी दिसली तर ते रोप वाफ्यात लावू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. या गोगलगायीत नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक मोठी गोगलगाय अंडी घालू शकते आणि एका खेपेला शंभरावर घालते. उन्हाळ्यात ती शंखाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्यानं बंद करून मातीत, विटांखाली झोपून काढते. पहिला चांगला पाऊस झाला की सगळ्या एकदम वर येतात, अजून अंडी घातलेली नसतात आणि पानं कमी असल्यानं दिसतातही. म्हणून जूनमधल्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वेचलेली एक गोगलगाय ऑगस्टमधल्या कित्येकींच्या तोलाची. सोसायटीला एकच आठवडा मनुष्यबळ देता येत असेल तर तो हा द्या.

वेचताना हातमोजे घाला, साधी पिशवी गुंडाळली तरी चालेल. या गोगलगायींत उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीची अवस्था असू शकते आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकते. मुलांना उघड्या हातांनी वेचायला लावू नका, आणि त्या वाफ्यातली ब्राह्मी कच्ची खाऊ नका. वेचलेल्या गोगलगायी दाट मीठ-पाण्याच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, मेल्या की खड्ड्यात चुना घालून पुरायच्या. वाफ्यातच पायाखाली चिरडल्या तर पोटातली अंडी मातीत जातात. कंपाउंडपलीकडे फेकल्या तर काय होतं ते शेजारच्या सोसायटीला विचारा. वाफ्यावर मीठ टाकू नका. गोगलगाय मरते, मातीही मरते.

तपासणी २: मान वर करा

पानं चिकट आहेत, काजळी आहे, पण पान उलटंसुलटं करून एकही किडा दिसत नाही. मग वाफ्याला काही झालेलं नाही, वरच्या झाडाला झालंय.

आंब्याला मोहोर आला की त्यावर तुडतुडे बसतात, रस शोषतात आणि गोड चिकटा खाली गळतो. त्यावर काळी बुरशी वाढते. डिसेंबर ते फेब्रुवारीत आंब्याखालचं सिंगोनियम काळं पडलं तर आधी मोहोर बघा. कोकणात आणि गोव्यात नारळाखालचे वाफे काळे पडतात त्याला वेगळं कारण आहे: रुगोस चक्राकार पांढरी माशी. ती भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूत पहिल्यांदा सापडली आणि पश्चिम किनाऱ्यानं वर सरकली. नारळाच्या झावळीच्या पाठीला पांढऱ्या मेणाचे गोल-गोल फेरे दिसतात. खाली पडलेली एखादी झावळी उलटी करून बघितली तरी कळतं, माडावर चढायची गरज नाही.

खात्री करायची असेल तर फुकटचा उपाय आहे. वाफ्यावर एक पांढरा कागद किंवा जुनी काच दोन दिवस ठेवा. त्यावर बारीक चिकट थेंब पडले की चिकटा वरून येतोय. खाली फवारणी करून काही उपयोग नाही. पानं नळीनं धुवा, काजळी ओल्या फडक्यानं निघते. माडावरच्या माशीवर जहाल औषध मारू नये. तिच्या पिल्लांत अंडी घालणारी एक अगदी छोटी गांधीलमाशी आहे, एन्कार्सिया, आणि औषधानं आधी तीच मरते.

तपासणी ३: पान उलटा, मुंग्या बघा

सकाळच्या उजेडात खालची, जुनी, जमिनीला टेकलेली पानं उलटून बघायची. वरून तजेलदार दिसणाऱ्या वाफ्यात पिठ्या ढेकूण तिथेच असतो. रिओ आणि स्पायडर प्लांटमध्ये तर पानाचा देठ खोडाला जिथे बिलगतो त्या खोबणीत. पानं थोडी फाकवल्याशिवाय दिसतच नाही.

मुंग्यांची रांग वाफ्यात शिरताना दिसली तर तिच्या मागे जा. मुंग्या चिकटा खायला येतात आणि त्या बदल्यात पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड यांची राखण करतात. खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात, पिल्लं एका रोपावरून दुसऱ्यावर नेतात. मुंग्या तशाच ठेवून पिठ्या ढेकूण मारलात तर तो परत येणार हे गृहीत धरा. स्वस्त आमिष असं: १०० मिली पाण्यात २० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक पावडर, त्यात कापसाचा बोळा भिजवून झाकण असलेल्या डबीत ठेवा, डबीला मुंगीपुरती भोकं पाडा. पावडर यापेक्षा जास्त घातली तर मुंगी वारुळात पोचायच्या आत मरते आणि राणीला काही होत नाही. डबी मुलांच्या आणि मांजरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पिठ्या ढेकणासारखाच दिसणारा, पण त्याहून मोठा, अंगावर पांढऱ्या मेणाच्या लांब झिपऱ्या असलेला किडा दिसला, आणि तो काडी लावल्यावर चांगला तुरुतुरु चालू लागला, तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी. पिठ्या ढेकूण हेच तिचं जेवण. हा ढालकिडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणला गेला. पिठ्या ढेकूण जागचा क्वचितच हलतो, ही अळी हलते. ओळखायला एवढं पुरे.

कोरड्या पट्टीतल्या धुरकट पानांसाठी पांढरा कागद पानाखाली धरून पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर लाल कोळी. बोटानं पुसल्यावर तांबूस रेघ उठते. पाऊस न पोचणाऱ्या, धूळ बसणाऱ्या जागी मार्च ते मे हा त्यांचा मोसम. दर दोन-तीन दिवसांनी पानांच्या पाठीवर नळीचा जोराचा फवारा मारायचा, दोन आठवडे. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. इथे सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं (सायपरमेथ्रिनसारखं) औषध मारलं तर कोळी खाणारे किडे मरतात आणि कोळी वाढतात. ‘औषध मारल्यावर जास्तच झालं’ असं कोणी म्हणालं की मी आधी बाटलीवरचं नाव विचारतो.

तपासणी ४: रोप ओढून बघा

मलूल पडलेलं एक रोप बुडाशी धरून हलकं वर ओढा. काय होतं त्यावर पुढचं ठरतं.

अलगद वर आलं आणि मुळं कुरतडलेली दिसली: हुमणीचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचा संशय. एक फूट लांब-रुंद जागा अर्धा फूट खोल उकरा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखं वळलेली, पांढरट, तांबड्या डोक्याची अळी सापडली तर तिला सपाट फरशीवर ठेवा. उताणी होऊन, पाय वर करून पाठीवर सरकू लागली तर ती फुलभुंग्याची अळी. ती कुजलेलं खत खाते, तिला कंपोस्टच्या ढिगात सोडून द्या. पायांवर किंवा कुशीवर धडपडत राहिली तर हुमणी. शेणखत जास्त घातलेल्या वाफ्यात पहिल्या प्रकारच्या अळ्याच भरपूर निघतात आणि त्यांच्यासाठी मातीत विष ओतलं जातं.

बूड मऊ, तपकिरी, कुबट वासाचं: कूज. कीड नव्हे, पाणी जास्त आहे. बुडाभोवती पांढरे बुरशीचे धागे आणि एक-दोन मिलिमीटरचे गोल तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तेवढी रोपं भोवतालच्या मातीसकट पिशवीत भरा, कंपोस्टमध्ये टाकू नका आणि तेच खुरपं न धुता दुसऱ्या वाफ्यात वापरू नका.

मुळांवर गाठी: सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. अपवाद पिवळ्या फुलांच्या शोभेच्या भुईमुगाचा, नर्सरीत त्याला अरॅकिस म्हणतात. त्याच्या मुळांवर गाठी असायलाच हव्यात, त्या नत्राच्या. नखानं सहज निघून आली ती नत्राची गाठ. मुळाचाच भाग फुगलेला असेल आणि गाठ सुटत नसेल तर सूत्रकृमी. सूत्रकृमीला झेंडू लावा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण सावलीत झेंडू वाढत नाही. चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास निंबोळी पेंड मातीत मिसळणं हे सावलीत जमणारं काम. पूर्ण नायनाट होत नाही, जोर कमी होतो.

तपासणी ५: दाटी, पाचोळा, पाणी

इथून घाम गाळावा लागतो. कीड परत येते ती इथल्या आळसामुळे.

वाफ्यात हात घालून जमीन दिसते का बघा. पानांखाली चार बोटं जाडीचा सुकलेल्या वेलांचा आणि पाचोळ्याचा थर असेल तर गोगलगायी, कातरकिडे, पिठ्या ढेकूण या सगळ्यांचं घर तेच. पावसाआधी, मेच्या मध्यावर, वेडेलिया आणि सिंगोनियम सरळ चार-पाच इंचांपर्यंत कापा. दोन्ही जून-जुलैत पुन्हा भरतात. (वेडेलिया कापून काढलेला ओढ्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर फेकू नका, एका कांडीपासून रान माजतं.) मोंडो आणि स्पायडर प्लांट कापायचे नसतात. त्यांचे ठोंब उपटून, वेगळे करून, एकतृतीयांश काढून टाकायचे. भिंतीलगत वीतभर पट्टी मोकळी ठेवा. पाचोळा पूर्ण झाडायची गरज नाही, दोन इंचांपर्यंतचा थर मातीला हवाच, फक्त रोपाच्या बुडाशी ढीग नको.

मग पाणी. संध्याकाळी पाणी घातलेला सावलीतला वाफा सकाळपर्यंत ओला राहतो, आणि गोगलगायीला फिरायला रात्रभर ओला रस्ता मिळतो. तेच पाणी सकाळी सातला घातलं तर संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. माळ्याची वेळ बदलायला सोसायटीच्या बैठकीत जेवढी चर्चा होते तेवढी औषधाच्या बिलावर होत नाही, पण फरक मात्र वेळेनंच पडतो. पावसाळ्यात सलग पाऊस असताना ठिबक चालू ठेवणारे महाभागही आहेत.

विटांच्या किनारीतल्या फटी सिमेंटनं भरा. जादा फरशा, रिकाम्या कुंड्या, चेंबरच्या झाकणाखालच्या कपारी यांखाली बघा. एका कुंडीच्या तळाशी दहा-बारा शेंबी एकमेकींना चिकटून बसलेल्या मिळाल्या तर नवल मानू नका.

तपासणी ६: सापळे

वरचं सगळं करून पंधरा दिवसांनीही रात्री पाच-सहा गोगलगायी दिसत असतील तर सापळा लावा. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला अंथरायचं, सूर्य वर यायच्या आत उचलून खालच्या गोगलगायी वेचायच्या. पपईची पानं, कोबीची बाहेरची पानं ठेवली तरी जमतात. नऊ वाजता उचललं तर खाली काही नसतं आणि ‘सापळा चालत नाही’ असा निकाल लागतो. बिअरचा सापळाही चालतो, पण सोसायटीच्या खर्चात बिअर दाखवायची हिंमत असेल तर. साखरपाण्यात यीस्ट घातलं तरी वास तोच येतो.

चुन्याची चार बोटं रुंद पट्टी कोरडी असेपर्यंतच अडवते. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत थोडा चुना चालून जातो. पुण्याकडच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी जास्त, तिथे वरून चुना घातला तर फर्न आणि मोंडो पिवळे पडतील. अंड्याची टरफलं आणि कॉफीचा चोथा पावसाळ्यात काही कामाचे नाहीत.

हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. फांदी हलवून खाली पडलेले वेचले की पुढच्या वर्षीची अळी कमी. वर्षाला एकच पिढी असते, म्हणून हा हिशेब वर्षाच्या मापानंच करायचा.

फवारणी, शेवटी

पिठ्या ढेकूण चार रोपांपुरता असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस पुरे. जास्त असेल तर आधी लागण झालेली पानं कापून पिशवीत भरा, मग लिटरला ५ मिली साधा द्रवसाबण घेऊन पानांच्या पाठीवर फवारा. निंबोळी तेल वापरायचं तर लिटरला ५ मिली, त्यात १ मिली साबण मिसळून. साबणाशिवाय तेल वर तरंगतं, शेवटच्या पंपात सगळं एकदम येतं आणि त्यानं पानं करपतात. अंडी साबणानं मरत नाहीत, म्हणून सात दिवसांच्या अंतरानं तीन वेळा. एकदा मारून सोडणं म्हणजे न मारणं. फर्नची पानं नाजूक असतात. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. सावलीत उन्हानं पान भाजायचा प्रश्न नसतो, तेव्हा सकाळी लवकर फवारा, दिवसभरात पान सुकतं.

पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी (लिटरला ५ ग्रॅम) पिठ्या ढेकणावर चांगली चालते. सावलीतला वाफा तिच्या मनाजोगता. मात्र त्याच आठवड्यात बुरशीनाशक मारू नका, सरळ तीच मरेल.

जुने माळी अजून ‘थिमेट टाका’ म्हणतात. त्यातल्या फोरेट या कीटकनाशकाच्या वापरावर भारतात ३१ डिसेंबर २०२० नंतर बंदी आहे. कोणाच्या गोदामात जुनी पिशवी असेल तर ती वाफ्यात येऊ देऊ नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात आणि त्या चालतात. पण त्या कुत्र्या-मांजरांनी चवीनं खाल्ल्या जातात, आणि खाल्ल्यावर झटके येतात. ज्या बागेत मुलं खेळतात, भटकी कुत्री झोपतात, गोगलगाय फोडून खाणारा भारद्वाज फिरतो, तिथे या गोळ्या स्वतः विखुरू नका. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून बंद आमिषपेटीतूनच वापरून घ्या. लोहफॉस्फेटचं आमिष मिळत असेल तर ते कमी धोक्याचं. कुत्र्यानं गोळी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत बसू नका, थेट पशुवैद्याकडे, पाकीट बरोबर घेऊन.

डब्यावर लाल त्रिकोण असलेलं कोणतंही औषध घरच्या माणसानं हाताळायचं नाही. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे आणि पैसे घेऊन फवारणी करणाऱ्याला परवाना लागतो. तो मागून बघायला लाजू नका.

पाचोळ्याखाली वाळवी दिसली आणि तिची मातीची नळी इमारतीच्या भिंतीवर चढलेली असेल, तर तो बागेचा विषय राहिला नाही.

दुखणं वरच्या झाडात असेल तर आंब्यावर किंवा माडावर स्वतः चढून फवारणी नको. मोठ्या फांद्या कापायच्या असतील तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करा. महाराष्ट्राच्या शहरी भागात झाडांसाठी १९७५ चा कायदा लागू आहे.

वाफ्यात साप दिसला तर काम बंद, सगळ्यांना मागे घ्या आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मुळांच्या गाठी, स्क्लेरोशियम किंवा हुमणी एक चतुर्थांशाहून जास्त वाफ्यात पसरली असेल, किंवा वरचं सगळं नीट करूनही दुसऱ्या महिन्यात ठिगळं वाढतच असतील, तर अंदाजानं औषधं बदलत बसण्यात अर्थ नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात नमुना दाखवा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नमुना नेताना पूर्ण मेलेलं रोप नेऊ नका, त्यातून काही कळत नाही. ठिगळाच्या कडेचं, अर्धं मलूल झालेलं रोप मुळांसकट आणि मूठ-दोन मुठी मातीसकट काढा, मुळं ओल्या कागदात गुंडाळा आणि त्याच दिवशी पोचवा. किडा सापडला असेल तर झाकणाच्या छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवून न्या. बरोबर एका चिठ्ठीवर आतापर्यंत कोणती औषधं, किती प्रमाणात आणि कधी मारली ते लिहा. तिथला माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.